सोडियमच्या खालचा भाऊ

सोडियम आणि पोटॅशियम हे सख्खे भाऊ आहेत, असे मी एकतीस वर्षे वर्गात सांगितले. त्यात चूक काहीच नव्हते. तरी त्याच वाक्याने माझ्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करवली.

संपादकांनी ‘अध्यापनातले गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. गमतीदार होते तेवढे आधी सांगते. मग दमेन, आणि दमलेले माणूस खरे बोलते, तेव्हा उरलेलेही सांगेन. आता सत्तरी आली. गुडघे वाजतात, नातवंडे फोनमधून तोंड वर काढत नाहीत, आणि कुणाला काही शिकवायची हौस माझ्यात उरलेली नाही. एके काळी ती इतकी होती की लोक मला बघून रस्ता बदलायचे.

माहेर माझे पेडण्याचे. नोकरी डिचोलीच्या एका उच्च माध्यमिकात, रसायनशास्त्राची. पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, पण मुलांच्या डोक्यात काही उतरवायचे तर ते आमच्या बोलीतूनच. वर्गाच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता टांगलेला असे. त्यातल्या आडव्या ओळी आणि उभ्या रांगा पाठ केल्या तर जगातल्या कुठल्याही पदार्थाचा स्वभाव सांगता येतो, अशी माझी तेव्हा ठाम समजूत. ज्योतिषी बरे, ते निदान दक्षिणा घेऊन गप्प बसतात.

ज्यांनी शाळा सोडून पन्नास वर्षे झाली त्यांच्यासाठी तो तक्ता थोडक्यात सांगते. मूलद्रव्य म्हणजे एक घर समजा. मधोमध सासू बसलेली, ते केंद्रक. भोवती सुना, ते इलेक्ट्रॉन. आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना दर घरागणिक एक सून वाढते आणि सासूचा जोरही वाढतो, पण नवी खोली कुणी बांधत नाही. मग काय होते? सगळ्याजणी सासूकडे ओढल्या जातात आणि घर आक्रसते. म्हणून डावीकडचे अणू मोठे, उजवीकडचे लहान. उभ्या रांगेत खाली जाल तसा दर घरावर एक नवा मजला चढतो. अगदी वरच्या मजल्यावरच्या सुनेला सासूचा आवाज पोचतच नाही. ती कधी घर सोडून जाईल याचा नेम नाही. काजूचे बोंडू पिकले की नुसता हात लागला तरी खाली पडते, तसे. म्हणून डावीकडच्या पहिल्या रांगेत लिथियम शांत, त्याखालचा सोडियम चिडका, आणि त्याच्या खालचा पोटॅशियम तर विचारूच नका. अगदी उजवीकडची रांग कुणाशी देणेघेणे न ठेवणाऱ्यांची. आमचे यजमान त्या रांगेतले.

हा दाखला मी वर्गात पहिल्यांदा दिला तेव्हा माझे लग्न झालेले नव्हते. केंद्रकाची ओढ म्हणजे काय ते मला त्यानंतर दोन वर्षांनी समजले.

आता शाणूविषयी सांगते. शाणू आमच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, गाव लाटंबार्से. वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. पण मी नवी, इस्त्रीच्या साडीतली, पदवीच्या कैफातली टीचर. पहिल्याच दिवशी “शाणू, इकडे ये” म्हटले, आणि ते तसेच पडून गेले. तो मला शेवटपर्यंत ‘टीचर’च म्हणत राहिला. त्याला तक्ता येत नव्हता. बाटल्या येत होत्या. कुठली बाटली कितव्या फळीवर, कुठल्या झाकणाला गंज चढतो, कुठल्या पावडरीत पावसाळ्यात गोळे होतात, हे सगळे त्याच्या बोटांना ठाऊक होते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पालकांच्या सभेत मी प्रयोग दाखवायचे ठरवले. काचेच्या टपात पाणी, त्यात एकेक धातूचा तुकडा टाकायचा. लिथियमचा तुकडा पाण्यावर फुसफुसत तरंगला. लोक जांभया देऊ लागले. सोडियम वितळून मोत्यासारखा गोल झाला आणि सरसर पळू लागला. पहिल्या बाकावरचे जरा पुढे सरकले. मला चेव आला. पोटॅशियमचा तुकडा शाणूने चिमट्यात धरला होता, वाटाण्याहून लहान.

“एवढाच? मोठा काप.”

“टीचर, हो खालचो भाव तापट आसा. म्हाका दिसता, इतलोच पुरो.”

“तुला काय दिसतं ते मी विचारलं नाही.”

त्याने मुकाट्याने मोठा कापला आणि पाण्यात सोडला. जांभळी ज्योत उठली, मग असा बार झाला की टप उभा तडकला आणि पाणी थेट सरपंचांच्या धोतरावर गेले. शाणूची डावी भुवई जळाली. सभा पांगल्यावर तो फडक्याने पाणी पुसत होता. मी त्याला काय म्हणावे? “बघितलंस ना, खाली जाताना क्रियाशीलता वाढते ती?” असे म्हणाले मी. माफी मागायची सोडून पाठ घेतला त्या माणसाचा! आजही आठवले की त्या पोरीच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

दुसरा किस्सा शिरगावच्या एका पालकाचा. त्यांचे ट्रक खाणीवर लागत. एकदा ते परसातला काळा धोंडा पिशवीत घालून आले. हे लोखंड की मँगेनीज, एवढेच त्यांना हवे होते. झाले! मी खडू उचलला. तक्त्याच्या मधल्या पट्ट्यात शेजारी शेजारी बसलेली मूलद्रव्ये एकमेकांसारखी का असतात, तिथे आडवे सरकताना फरक फारसा का पडत नाही, यावर अर्धा तास बोलले. पालक बिचारे मान डोलावत राहिले. मी फळा पुसायला वळले तोवर शाणूने सिंकजवळची एक फुटकी, बिनझिलईची फरशी आणली आणि धोंडा तिच्यावर घासला. फरशीवर लाल रेघ उमटली.

“लोखंड,” शाणू म्हणाला. “मँगेनीज काळें सोडता.”

पालकांनी त्याला नमस्कार केला आणि गेले. मला केला की नाही, आठवत नाही. शाणू म्हणाला, “टीचर, तुमी सांगलें तें बरें सांगलें. पूण ताका घरा वचपाचें आसलें.” त्या माणसाला घरी जायचे होते म्हणे! मी दोन दिवस शाणूशी बोलले नाही.

अशी आमची पंचवीसेक वर्षे गेली. तो निवृत्त झाला, मग मीही झाले आणि पेडण्याला राहायला आले. वर्षातून दोनतीनदा मी लाटंबार्शाला त्याच्याकडे जाई. त्याची बायको पार्वती कमी बोलणारी, पण तिच्या हातचे आमसुलाचे सार प्यायला मी आणखी दोन डोंगर ओलांडून गेले असते.

दोन वर्षांपूर्वी चवथीनंतर गेले तेव्हा शाणू पडवीत पाय लांब करून बसला होता. पाय सुजलेले. रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले होते.

“कमी म्हळ्यार कितलें कमी, टीचर? पेज म्हणजे धुवण जालां. खारो बांगडो बंद, आंब्याच्या तोराचें लोणचें बंद. कित्याक जियेवप?”

पार्वती आतून म्हणाली, “लोणच्याच्या बरणीक हावें कुलूप घातलां, म्हणून रडता तो.”

माझ्या अंगात टीचर संचारली. पुढच्या खेपेला म्हापशाच्या एका मोठ्या दुकानातून मी कमी सोडियमच्या मिठाचे चार पुडे घेऊन गेले. त्यात सोडियमच्या जागी बरेचसे पोटॅशियम असते. शाणूने चष्मा लावला आणि पुड्यावरच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवले.

“पोटॅशियम क्लोराईड. ही आमची तिसऱ्या फळयेवयली बाटली न्हय? ती खावपाची नासली मू?”

“प्रयोगशाळेतली खायची नसते. ही खायची.”

“पूण हो तापट भाव, टीचर. भुवई म्हजी गेल्ली.”

मी हसले. अगदी मनापासून हसले. “अरे, तो धातू होता. वरच्या मजल्यावरची सून घरात होती म्हणून ती भांडणं. मिठात ती आधीच निघून गेलेली असते, घर शांत. दोघे एकाच रांगेतले, स्वभाव एक. तुझी जीभ फसेल आणि रक्तदाबही वाढणार नाही. खा बिनधास्त.”

रसायनशास्त्र म्हणून यातला शब्द न् शब्द बरोबर होता. पेपरात पूर्ण गुण मिळाले असते.

पण शरीर तक्ता वाचत नाही. या दोन भावांना ते मुळीच एक समजत नाही. सोडियमला ते पेशीच्या बाहेर ठेवते, पोटॅशियमला आत, आणि या आतबाहेरच्या फरकावरच हृदयाचा ठोका चालतो. रक्तात पोटॅशियम जास्त झाले तर ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांचे. ती थकली असतील तर ते साचत जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही त्याला बाहेर जाऊ देत नाहीत. शाणूची मूत्रपिंडे थकली होती. पाय त्यामुळेच सुजत होते. त्याच्या उशाखाली तपासण्यांची अख्खी पिशवी होती आणि मी ती बघायला मागितली नाही. मिठाच्या पुड्यावर, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, असे छापलेले होते. तेही मी वाचले नाही. मला फक्त पोटॅशियम दिसले, आणि मी खूश झाले.

हे सगळे तरी अज्ञान म्हणून खपले असते. पुढचे खपत नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी त्याचा फोन आला. मी फणस फोडत होते. हाताला चीक, फोन खांद्यावर धरलेला.

“टीचर, दोतोर म्हणता रगतांत पोटॅशियम वाडलां.”

“शहाळं पितोस?”

“रोज एक.”

“बंद कर. केळी?”

“केळीं खाता. आनी टीचर, तें तुमचें मीठ?”

“चिमूटभर मिठानं काय होतंय! शहाळं आणि केळी बंद कर, येईल खाली.”

“बरें,” तो म्हणाला. “तुमी म्हणता तर बरें.”

मुलांनी तराजूवर तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत वजन केले नाही तर वही फेकणारी बाई मी. चिमूट म्हणजे किती ग्रॅम, हे विचारायचे माझ्या मनात आले नाही. खरे सांगायचे तर मला फणसाकडे परत जायचे होते.

आठवड्याने सकाळी पार्वतीचा फोन. तिने मला आजवर कधी फोन केला नव्हता.

“तो उठना. पाय लाकडासारखे जाल्यात म्हणता. काळजाचे ठोके मधींच थांबता कसे दिसतात. शेजाऱ्याची गाडी आयल्या, दवाखान्यात व्हरता. तुमका सांगूंक म्हणलो तो.”

 मला वैद्यक येत नाही, पण एवढे कळायला ते लागत नव्हते.

“पार्वती, ऐक. स्वयंपाकघरातला तो मिठाचा पुडा घे. गाडीत बसायच्या आधी घे. पोचल्या पोचल्या डॉक्टरांच्या हातात दे आणि सांग, रोज हे खातो.”

“मीठ? कित्याक?”

“विचारू नकोस. घे.”

तिकडे पुड्याचा कागद वाजला. मग म्हणाली, “तुमी दिल्लें तें मीठ?”

“हो. मी दिलेलं.”

मी जावयाला गाडी काढायला लावली. पेडण्याहून दवाखान्यापर्यंत तो दोनदा म्हणाला, “आई, काही होणार नाही.” मी बोटे मोजत होते. मनात हिशेब चालला होता. पेजेत किती, आमटीत किती, भाजीत किती, पाच-सहा महिन्यांत किती. पुढे कळले की हिशेबही चुकला. ते मीठ कमी खारट लागते, म्हणून पार्वती दुप्पट घालत होती.

पोचले तेव्हा शाणूच्या छातीला तारा लावलेल्या होत्या आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी, रुंद रुंद चालली होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, केस रबरात कसे तरी बांधलेले. तिच्या हातात तो पुडा.

“हे मीठ कुणी सुरू केलं? कधीपासून?”

पार्वतीने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. खाटेवरून शाणूचा बारीक आवाज आला, “दुकानांतल्यान हावेंच हाडलें. दोनच दीस जाले.”

तो माझ्यासाठी खोटे बोलत होता. त्या अवस्थेत. आणि एक क्षणभर, लपवत नाही, एक क्षणभर मी गप्प राहिले. बरे वाटले मला.

“खोटं आहे,” मी म्हणाले. “मी दिलं. ऑक्टोबरपासून. रोज, तिन्ही वेळा.”

“तुम्ही कोण?”

“मी केमिस्ट्रीची टीचर होते.”

तिने मान वर केली. रागावली नव्हती, तेवढी सवड तिला नव्हती. “मग तुम्हाला माहीत असायला हवं होतं,” एवढेच म्हणाली आणि परिचारिकेकडे वळली.

माझ्या पाठीमागे मुलांनी मला खूप नावे ठेवली असतील. ‘हायड्रोक्लोरिक’ हे नाव तर मला ठाऊकही होते. पण एवढे नेमके कुणी बोलले नव्हते.

त्यांनी आधी शिरेतून कॅल्शियम दिले. हृदयाला पोटॅशियमपासून सांभाळायला ते देतात, असे तिने पार्वतीला समजावले. तक्त्यात पोटॅशियमला लागून उजवीकडचे घर कॅल्शियमचे. एकतीस वर्षांत मी या शेजाऱ्यांची तुलना किती वेळा करून दाखवली असेल! कॅल्शियमचा अणू लहान, ओढ जास्त, एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन देणारा. तो हृदयाच्या दारात राखणीला उभा राहतो, हे मात्र मी पडद्यावरची रेघ हळूहळू बारीक होताना पाहिली तेव्हा शिकले. मग इन्शुलिन आणि ग्लुकोज, आणि संध्याकाळी डायलिसिस.

शाणू वाचला. डायलिसिस मात्र सुटले नाही. आठवड्यातून दोनदा जावे लागते. मी त्या डॉक्टर मुलीला पुढे एकदा विचारले, हे माझ्यामुळे का? ती म्हणाली, मूत्रपिंडे कधी ना कधी या टोकाला जाणारच होती. कदाचित वर्षाने, कदाचित दोन वर्षांनी. आधी की नंतर, हे कुणी सांगू शकणार नाही. तिने मला धीर द्यायला सांगितले असावे. पण या ‘कदाचित’शी मी रोज सकाळी चहा घेते.

पार्वती माझ्याशी बोलत नव्हती. भांडली असती तर बरे झाले असते. डायलिसिसच्या दिवशी मी बाकावर बसे, ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मधे तिची पिशवी. शाणू मात्र परिचारिकांना सांगत सुटे, “ही म्हजी टीचर. हिणें म्हाका सगळें शिकयलां.” मग माझ्याकडे वळून विचारी, “टीचर, पेरू खावंक जाता? टीचर, अळसांद्यांची उसळ चलता?”

“डॉक्टरांना विचार.”

“इतलीं वर्सां विचारल्याबगर सांगत आसल्यात! आतां विचारता तर सांगनात.”

“म्हणूनच.”

या पावसाळ्यात एकदा त्याला घरी सोडायला गेले. मी पडवीतूनच परतत होते, तेवढ्यात पार्वती हातात कागद घेऊन बाहेर आली. आहाराची यादी होती, नवी, इंग्रजीत छापलेली.

“वाचून दाखय.” आजवरचे ‘तुमी’ गेले होते.

मी उभ्या उभ्या वाचू लागले. काय खायचे, किती, कुठली भाजी उकळून पाणी टाकून द्यायची. प्रत्येक ओळ जशी होती तशी सांगितली. मधे दोनदा तोंडाशी ‘कारण’ आले. दोन्हीदा गिळले. पार्वती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती, माझ्याकडे अगदी रोखून बघत. वाचून झाले.

“आनी तुजें मत?” तिने विचारले.

“माझं काही मत नाही.”

तिने कागद घेतला, घडी केली, पदराच्या टोकाने पुसल्यासारखे केले. “जेवण जालां,” म्हणाली. “बस.”

आम्ही तिघे जमिनीवर बसलो. उकड्या तांदळाचा भात, पाणी काढून टाकलेली भेंडी, मोजून वाढलेले पातळ सार. कशातच मीठ नव्हते. मी पहिला घास घेतला. तो तोंडात नुसता फिरत राहिला. शाणू हे रोज खातो. दोन वेळा. मी मान खाली घालून दुसरा घास घेतला.

पार्वती उठली आणि फळीवरून मिठाची वाटी आणून माझ्या ताटाजवळ ठेवली. साधे मीठ, मिठागरातले.

“नको,” मी म्हणाले.

“घालून घेयात, टीचर,” शाणू म्हणाला. “तुमचीं मूत्रपिंडां बरीं आसात. आमच्या घरा येऊन उपास कित्याक?”

मी पार्वतीकडे पाहिले. ती आपला भात कालवत होती.

मी चिमूटभर मीठ घेतले आणि सारात घातले. शाणू ताटावरून मान वर करून बघत होता, जिभेने ओठ ओले करत. ते सार मी त्याच्यासमोर प्याले, सगळे.

“लागलें बरें?” त्याने विचारले.

“लागलं,” मी म्हणाले.